काकांनी नापास केलेले समुद्र

गोंदियात मला खोली देण्याआधी काकांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, अजून लग्न का झालं नाही हेसुद्धा विचारलं नाही. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता. ‘याआधी कुठं राहत होत्या?’ एवढंच विचारलं. मी तुमसरचा पत्ता सांगितला. ‘बरं, कळवतो’ म्हणाले आणि दार लावून घेतलं.

पुढे काकूंकडून कळलं की हा माणूस दुसऱ्या दिवशी गाडीत बसून तुमसरला गेला होता. माझ्या जुन्या घरमालकाकडे गेलाच नाही. त्याच गल्लीतल्या पिठाच्या चक्कीवाल्याला जाऊन विचारलं, की दळण तयार नसलं तर ही बाई कशी बोलते? चक्कीवाला म्हणाला, बोलते फडाफडा, पण दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा येते. तेवढ्यावर मला खोली मिळाली.

मी एकदा चिडून विचारलं, “काका, घरमालकालाच विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“मॅडम, घरमालक तं चांगलंच सांगणार. अन् तुम्ही त्याले नको असल्या, तं अजून चांगलं सांगणार.”



काका मूळचे तांदळाच्या धंद्यातले. गोंदियातल्या एका राइस मिलचा माल विकायला त्यांनी सगळी हयात रेल्वेत काढली. इकडे बंगाल, तिकडे गुजरात, खाली केरळ, वर पार जम्मूपर्यंत. जिथं जिथं गोंदियाचा तांदूळ पोचला, तिथं त्याच्याआधी काका पोचलेले. त्या धंद्यात एक हत्यार असतं, परखी. वीतभर लांबीची, टोकदार, पन्हाळीसारखी पोकळ. पोत्याच्या पोटात खुपसली की आतला तांदूळ घरंगळत हातावर येतो. पोतं न उसवता आतला माल कळतो. काकांचा जगाबद्दलचा सगळा अभ्यास त्या परखीवर झाला होता. पोत्याच्या तोंडाशी व्यापारी चांगला माल ठेवतो, तळाशीही ठेवतो, कारण हुशार गिऱ्हाईक पोतं उलटं करून पाहतं. खोट राहते ती मधात, असं त्यांचं ठाम मत.

म्हणून काका सगळंच मधातून घेत. वर्तमानपत्र मधल्या पानापासून वाचत, कारण पहिलं पान ‘सजवलेलं’ असतं. बटाटे घेताना भाजीवालीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालत आणि ती बाई शिव्या घालत असे. लग्नाच्या पंगतीत भाताच्या गंजात झारा थेट मध्यभागी खुपसत, आणि वाढणारा पोरगा त्यांच्या तोंडाकडे पाहत राही. एकदा नवरीच्या बापासमोर म्हणाले, “वरचा भात नवा, आतला जुना आहे. दोन जागचा माल आहे.” नवरीच्या बापानं हात जोडले. काकू पदरात तोंड लपवून तिथून निघून गेल्या.

काकू म्हणजे सालेकशाकडच्या. उंच हाडाच्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या तर एका वाक्यात निकाल लावणाऱ्या. त्यांचं सगळं आयुष्य माहेर, सासर आणि मधली रेल्वे एवढ्यात गेलं. काका देश पालथा घालत होते तेव्हा काकू घर पाहत होत्या. दोन मुलं मोठी करून पुण्याला आणि रायपूरला पाठवली. कधी कुठं नेलं नाही म्हणून तक्रार केलेली मी ऐकली नव्हती.

मग त्यांना दारं लागायला लागली. म्हणजे चौकट खांद्याला लागायची, डावीकडे ठेवलेला मिठाचा डबा सापडायचा नाही. नागपूरला डॉक्टरकडे मी घेऊन गेले. काचबिंदू निघाला, तोही बराच पुढे गेलेला. डॉक्टरनं सरळ सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. आहे ती औषधाच्या थेंबांनी जमेल तितकी थोपवून धरायची. नजर कडेकडेनं जाते, शेवटी मधलं तेवढं राहतं, मग तेही जातं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरला विचारलं, “कितीक दिवस?” डॉक्टर म्हणाला, तसं सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी काका अंगणात चहा पीत बसले होते. मी माझ्या खोलीच्या जिन्यावर होते. काकू त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुमी अख्खा देश फिरले. मले एक जागा दाखवा. एकच. पन दिसते आहे तवर.”

काकांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी एवढा उतरलेला कधी पाहिला नव्हता.

“दाखवतो,” ते म्हणाले. “पण बिनखोटीची दाखवीन. तुले एकच जागा पाह्याची आहे, तं कचरा काऊन दाखवू?”

तिथंच सगळा घोळ झाला.

दुसऱ्या दिवसापासून काका गोंदिया जंक्शनवर जायला लागले. हावड्याच्या मार्गावरचं स्टेशन, देशाच्या चारी दिशांच्या गाड्या तिथून जातात. प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं आणि फिरून आलेल्या लोकांना गाठायचं. फिरायला निघालेल्यांना विचारायचं नाही, कारण ते ‘तोंडाचा माल’. पहिला उतरणारा घाईत असतो, शेवटचा झोपेत. म्हणून डब्यातून मधेच कोणी उतरलं की त्याच्यासमोर उभं राहायचं. ‘कसं होतं?’ हा प्रश्न काका कधीच विचारत नसत. त्यांचे प्रश्न ठरलेले. तिसऱ्या दिवशी काय केलं? पाण्याची चव कशी होती? आणि घरच्यांत भांडण कशावरून झालं?

“पहिल्या दिवशी सगळंच चांगलं वाटते,” मला समजावून सांगत. “दुसऱ्या दिवशी माणूस खर्च वसूल करते. तिसऱ्या दिवशी जागा खरी दिसते.”

एकदा दिल्लीकडच्या गाडीतून एक नवं जोडपं उतरलं. मुलीच्या हातात कोपरापर्यंत लाल चुडा. काश्मीरहून आले होते. काकांनी गाठलं आणि तिसऱ्या दिवसाचं विचारलं. मुलगी लाजून म्हणाली, “खोलीतच होतो.” काका घरी आले, काश्मीर नापास करून. “तिसऱ्या दिवशी लोक खोलीच्या बाहेर निघत नाहीत, मॅडम. काय पाह्याचं असंन तिथं?” मी काकूंकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसलो.

उटी नापास झाली, कारण तिथून आलेल्या बाईनं ‘मस्त’ म्हटलं. जो ‘मस्त’ म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. राजस्थान नापास झालं, कारण एका गृहस्थानं तक्रारी केल्या. जो नुसत्या तक्रारी करतो त्याचंही ऐकायचं नाही, पण जागा मात्र नापास.

“मग उरलं कोण, काका?”

“तेच तं शोधून राह्यलो.”

या माणसाचं चाललंय काय? रोजच्या रोज गाड्या येऊन जात होत्या आणि काकूंची नजर आत आत येत होती. पूर्वी सुपात तांदूळ निवडताना त्या एक खडा सोडत नसत. आता राहायला लागले. एकदा मी त्यांच्याकडे जेवत होते आणि काकांच्या दाताखाली कचकन खडा आला. मला आवाज ऐकू आला. हा माणूस खड्यावरून हॉटेलवाल्याशी मारामारीवर आलेला मी पाहिला होता. त्या दिवशी त्यांनी काकूंकडे पाहिलं, घास तसाच गालात धरला आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले. परत येऊन म्हणाले, “भाजी झकास झाली.” तेव्हापासून मला त्यांच्यावर धड रागावताही येईना.

मधेच एक दिवस बँकेत कामावर असताना मला रेल्वे पोलिसांचा फोन आला. मी धावतपळत जंक्शनवर गेले. काका चौकीत बाकावर ताठ बसलेले आणि टेबलावर त्यांची पितळी परखी. ती ते पिशवीत घेऊन फिरत, सवय म्हणून.

“मॅडम, ये आपके अंकल हैं?” हवालदारानं विचारलं. “ये क्या चीज लेके घूमते हैं? मैंने पूछा, किसको मारने का है? बोलते हैं, बोरे को।”

“परखी आहे ती,” मी म्हटलं. “चावल देखने की।”

“स्टेशन पे कौन सा चावल है? और ये हर आनेवाली औरत से पूछते हैं, घर में झगड़ा किस बात पे हुआ। ऐसा कौन पूछता है, मॅडम?”

मी सगळं समजावून सांगितलं, काकूंचे डोळे, एकच जागा, सगळं. हवालदार तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. शेवटी परखी परत देत म्हणाला, “अंकल, आंटी को नैनीताल ले जाओ। मैं गया था। मस्त है।”

बाहेर आल्यावर काका म्हणाले, “नैनिताल बी गेलं.”

काकूंनी ऐकून एवढंच म्हटलं, “परखी घरी ठिवून जात जा, बापा.”

ती चौकीतली दुपार माझ्या डोक्यातून जाईना. एवढा देश फिरलेला माणूस लोकांना का विचारत बसतो? स्वतः पाहिलंय ना सगळं? एका रविवारी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “काका, पुरी कशी आहे?”

“पुरीले अरवा चालते, न उकडलेला,” काका म्हणाले. “मंडी सकाळी लवकर उघडते. गोदामं ओली राहतात, माल टिकत नाही.”

“आणि समुद्र?”

“समुद्र आहे ना. तिकडल्या बाजूले.” आणि त्यांनी आमच्या मोरीच्या दिशेनं हात केला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. मग मी एकेक गाव काढलं. कोचीनला उकडा चालतो. सुरतेला तुकडा विकत नाही. कलकत्त्याचे व्यापारी तांदूळ दाताखाली फोडून पाहतात. देशभरचं धान्य मला कळलं, पण एक डोंगर नाही, एक देऊळ नाही, एक किनारा नाही. हा माणूस आख्खा भारत गोदामाच्या दारातून पाहून आलाय, असा संशय मला त्या दिवसापासून होता.

दिवाळीच्या आधी माझ्या तगाद्यामुळे काका काकूंना इटियाडोहाला घेऊन गेले. मीही गेले. धरण काठोकाठ भरलं होतं. काका पाळीवर उभे राहून म्हणाले, “पाय, हे असं पानी. समुद्र म्हंजे काय, याहून वेगळं काय राह्यते? वरून खारट.”

काकू बराच वेळ मान इकडून तिकडे फिरवत पाहत होत्या. कडेचं दिसायला त्यांना आता मान वळवावी लागे. मग म्हणाल्या, “याचा पल्याडचा काठ दिसून राह्यला.”

“मंग? काठ तं राहनारच.”

“मले काठ नसलेलं पाह्यचं आहे. माह्या डोयाले दोन्हीकडून काठ येऊन राह्यले, तुमाले समजते का? ते बंद व्हायच्या आंधी एकदा काठ नसलेलं पाह्यचं आहे.”

परतीच्या रस्त्यात गाडी थांबवून त्यांनी काकूंसाठी सिंगाडे घेतले, ढिगाच्या मधातून.

तर आता समुद्र. मला वाटलं, चला, सुटलो. कुठला तरी एक समुद्र घ्या आणि जा. पण छे! काकांनी सगळे समुद्र परीक्षेला बसवले. कोकण माशांच्या वासावर नापास झालं. गुजरातकडून आलेल्या एका मास्तरानं सांगितलं की ते गेले तेव्हा पाणी मागे गेलं होतं, नुसता चिखल होता. काका हादरलेच. “समुद्र जागेवर नव्हता म्हणे! जो समुद्र जागेवर राहत नाही त्याचा काय भरवसा?” भरती-ओहोटी मी कागदावर चित्र काढून समजावली. ते म्हणाले, ठीक आहे, पण तिच्या डोळ्यांत थेंब टाकायची वेळ झाली आणि नेमकं तेव्हाच पाणी आलं, तर? पुरी तर चारदा नापास झाली. गर्दी, ढकलाढकली, चपला हरवल्या, नवरा-बायकोचं रिक्षावरून भांडण.

शेतातलं धान निघालं तशी एका दुपारी काकू वर आल्या. जिना चढताना त्या आता भिंतीला हात लावत. खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, “पोरी, तुह्या मोबाइलवर माहं तिकिट काढ.”

“कुठलं?”

“पुरीचं. माही बहीण जाऊन राह्यली, तिच्या बचत गटाच्या बाया आहेत. मीबी जातो.”

“काकांना विचारलं?”

“त्याह्यले सांगतलं तं ते पुरीले पाचव्यांदा नापास करतीन. मी ऐकून घेईन. अन् दिवस चालले, पोरी. सकाळी उठली का मी पहिले खिडकी पाह्यतो, कालच्याइतकी आहे का म्हणून.”

मी तिकीट काढलं. खोली जायची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती त्या संशयी म्हाताऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवायची होती.

काकांना सांगितलं गेलं की काकू सालेकशाला बहिणीकडे चालल्या. काका स्वतः पॅसेंजरमध्ये बसवून आले आणि आल्या आल्या अंगणात येरझाऱ्या घालायला लागले.

“मॅडम, सालेकशाले जायाले थेंबाची नवी बाटली कायले लागते?”

“जुनी संपत आली असेल.”

“अन् तीन लुगडे?”

“थंडी आहे काका.”

“थंडीत लुगडे जास्त लागतात?”

मी बँकेला उशीर झाला म्हणून पळाले. रविवार होता हे मला नाक्यावर गेल्यावर आठवलं.

पुढचे दिवस माझे वाईट गेले. काका काही विचारत नसत, फक्त समोर येऊन बसत. मधेच म्हणत, “फोन लागत नाही.” मी म्हणे, जंगल आहे. एका संध्याकाळी आले आणि म्हणाले, “बहिणीच्या नवऱ्याले लागला. तो म्हणते, दोघी वावरात गेल्या. मॅडम, धान निघालं. वावरात आता काय आहे?”

“लाखोरीचं पीक असेल,” मी म्हटलं. देवच आठवला त्या क्षणी.

“असंन,” काका म्हणाले, आणि माझ्याकडे असे पाहत राहिले की पोतं असतं तर आपणहून उसवलं असतं.

पुरीची गाडी सालेकशाला थांबत नाही. म्हणून सगळ्या बायका गोंदियापर्यंत येणार, तिथून पॅसेंजरनं परत जाणार आणि काकू रिक्षानं घरी येणार, असं ठरलं होतं. काकूंना उतरवून घ्यायला मी गेले. प्लॅटफॉर्मवर पाहते तर पुस्तकांच्या टपरीजवळ काका उभे. परखी नव्हती. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. ते नेहमीसारखे नमुना घ्यायला आले होते की त्यांना सगळं कळलं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. माझा संशय दुसऱ्याकडे जातो. विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं नसतं.

गाडी थांबली. लोक उतरायला लागले. आणि डब्याच्या मधून, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून, काकू उतरल्या. उन्हानं रापलेल्या, केसांत वाळू, पायांत चपला दोन वेगळ्या. काका पुढे झाले आणि त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले. हात लांब केला असता तर लागला असता एवढ्या जवळ.

काकू त्यांच्या अंगावरून निघून गेल्या.

त्यांना ते दिसलेच नाहीत. काका तिथंच खांबासारखे उभे. घरात चार भिंतींत, सवयीच्या जागी, किती गेलंय हे कळलं नव्हतं. आता कळलं. मला त्या माणसाकडे बघवेना. मग ते भरभर चालत पुढे गेले आणि काकूंच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले. काकू थांबल्या. बहीण मागच्या मागे बायकांत शिरली. मी जवळ गेले, म्हटलं आता काय महाभारत होतंय कोण जाणे. पण काकांच्या तोंडून सवयीनं निघालं ते भलतंच.

“तिसऱ्या दिवशी काय केलं?”

“तिसऱ्याही दिवशी समुद्रच पाह्यला,” काकू म्हणाल्या. जराही दचकल्या नाहीत.

“भांडण?”

“बहिणीसंग झालं. ती म्हने, चाल आता जेवाले. मी म्हनलं, तू जाय.”

“पानी?”

“खारट.”

“गर्दी होती?”

“लय. चप्पल गेली माही. कचराबी होता, पायात येये.” मग त्यांनी काकांचा दंड धरला. “अन् काठ नव्हता. तुमी इतक्या खेपा गेले पुरीले. तो रात्रभर आवाज करते, हे काऊन नाही सांगतलं मले?”

काकांनी त्यांच्या पायांतल्या दोन वेगळ्या चपलांकडे पाहिलं. गाडी सुटली, लोक पांगले.

“पाह्यला नाही का तुमी?”

“मंडीतून सरळ ठेसनावर यावं लागे,” काका म्हणाले. “दुपारची गाडी राहे.”

“एकदाबी नाही?”

“नाही.”

काकूंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. उरलेली सगळी नजर त्यांनी त्या एका चेहऱ्यावर लावली होती. मला वाटलं आता हसतील किंवा रडतील. दोन्ही केलं नाही.

“तुमची बिनखोटीची जागा सापडेपर्यंत माहे डोये थांबनार होते का?” त्या म्हणाल्या. “चला घरी. भूक लागली.”

त्यानंतर काका महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. जंक्शनवर जाणं बंद झालं. मी बांधाबांधीची मनाशी तयारी केली होती. मग एके सकाळी जिना चढून वर आले, दारातच उभे राहिले.

“मॅडम, तिकिट तुम्ही काढलं होतं.”

“हो काका.”

“पुढच्या वक्ती दोन काढा.”

दोन तिकिटं निघायला पुढची थंडी उजाडली. मधल्या काळात काकू पावसाळ्यात घसरून पडल्या, माझी बदली देवरीला झाली. निघताना काकूंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून जवळून पाहिला, सुईच्या नेढ्यातून पाहावं तसा. तेव्हाही थोडं दिसत होतं. हिवाळ्यापर्यंत तेही गेलं. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. मी फोनवर चाचरत विचारलं, तिकिटं रद्द करायची का? काका खेकसले, “काऊन? समुद्र बंद झाला का?”

ते गेले. सोबत काकूंची बहीण होती, तिनं मला मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. पहाटेची वेळ. दोघं वाळूत शेजारीशेजारी बसलेले. काकांची पँट पोटरीपर्यंत वर दुमडलेली, बूट हातात. मी त्यांचे पाय वाळूत भरलेले पहिल्यांदाच पाहत होते. आभाळ गच्च भरलेलं. पाणी राखाडी, वर ढग राखाडी, कुठं पाणी संपतं ते कळत नव्हतं. सूर्याचा पत्ता नाही.

काकूंचा आवाज येतो, “निघाला का?”

एक लाट येऊन जाते.

“हाव,” काका म्हणतात. “निघाला.”

“कसा आहे?”

“लाल. एकदम लाल, मोठा. पान्यावर लाल पट्टा पडला. आपल्या पायापर्यंत येऊन राह्यला.”

“अन्?”

“अन् एक नावबी आहे. शिडाची. चांगली आहे.”

नाव नव्हती. मी तो व्हिडिओ थांबवून, मोठा करून पाहिला. कोपऱ्यांत शोधलं. नुसता समुद्र होता. मी बँकेत काउंटरवर बसले होते, समोर रांग होती, आणि माझे डोळे वाहत होते. कोणीतरी विचारलं, मॅडम, बरं नाही का? मी म्हटलं, कचरा गेला.

ते परत आल्यावर मी काकूंना फोन केला. काका बाजूला नाहीत याची खात्री करून घेतली. माझा स्वभावही आता त्यांच्यावरच गेला होता.

“काकू, सूर्योदय चांगला झाला म्हणे.”

काकू हसल्या. “कायचा वं सूर्योदय? तोंडावर ऊन नाही पडलं. ऊन पडलं का चामडीले समजते.”

“मग तुम्ही काही बोलल्या नाही?”

“काय बोलू? जलमभर त्या मानसानं कोन्या गोष्टीले चांगलं म्हनलं नाही. पहिल्यांदा म्हनून राह्यला होता. मी कायले मधात बोलू?”